ओएम ६१६: मॅटाडोर आणि ट्रॅव्हलरमधील एका डिझेल इंजिनाचे प्रकरण

महाराष्ट्रात घर बदलायचे असले की आजही लोक "टेम्पो सांगून ठेवा" असे म्हणतात, मग दारात येणारी गाडी कोणत्याही कंपनीची असो. एके काळी वऱ्हाड न्यायला "मॅटाडोर केली" असेही सर्रास म्हटले जाई. दोन्ही शब्द मुळात जर्मनीतील हॅम्बुर्ग-हारबुर्ग येथील एका वाहननिर्मात्याची नावे होत आणि पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यातून ती आपल्या बोलीत आली. या गाड्यांच्या, विशेषतः १९८० आणि १९९० च्या दशकांतील गाड्यांच्या मालकांमध्ये एक समज घट्ट रुजलेला आहे: त्या काळचे इंजिन मरत नसे, आणि आताची इंजिने ताकदवान असली तरी तितकी भरवशाची नाहीत. हा समज कितपत खरा आहे, तो ज्या इंजिनामुळे तयार झाला त्या मर्सिडीजच्या ओएम ६१६ या इंजिनाची वैशिष्ट्ये काय होती, आणि त्या वैशिष्ट्यांतून भरवसा नेमका कसा निर्माण झाला, हे या प्रकरणात तपासले आहे. केवळ "जर्मन बनावट" असे म्हणून हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण त्याच देशातील, किंबहुना त्याच कंपनीतील पुढच्या काळातल्या सगळ्याच इंजिनांना तसे नाव मिळालेले नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन केली आणि जर्मनीच्या फिडाल उंड झोन टेम्पो-वेर्के या कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. १९६९ मध्ये मॅटाडोर ही व्हॅन आली. जर्मनीत दरम्यान टेम्पो ही कंपनी हानोमागकडे गेली आणि हानोमाग-हेन्शेलची व्हॅन १९७० च्या सुमारास मर्सिडीज बनवणाऱ्या डायम्लर-बेंझच्या छत्राखाली आली. त्यामुळे टेम्पोच्या जुन्या व्हॅनची वंशावळ आणि मर्सिडीजचे डिझेल इंजिन जर्मनीतच एकमेकांना भेटले होते, आणि १९८० च्या दशकात डायम्लर-बेंझशी झालेल्या तांत्रिक सहकार्यातून तीच भेट आकुर्डीत पुन्हा घडली. १९८७ मध्ये आलेली टेम्पो ट्रॅव्हलर ही मर्सिडीजच्या टी-१ या १९७७ सालच्या व्हॅनवर बेतलेली होती. टी-१ चे २०७ डी आणि ३०७ डी हे प्रकार ज्या इंजिनावर चालत, ते म्हणजेच ओएम ६१६. बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, परंतु या लेखातील बहुतेक काळ जुन्या नावाचा आहे.

आता इंजिनाकडे वळू. ओएम ६१६ हे चार सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, टर्बो नसलेले डिझेल इंजिन १९७३ मध्ये मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत प्रथम आले. सुरुवातीला त्याची क्षमता २,४०४ सीसी आणि शक्ती ६५ अश्वशक्ती होती. १९७८ मध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.० मिलिमीटरवरून ९०.९ वर आणून क्षमता २,३९९ सीसी केली गेली आणि शक्ती मिनिटाला ४,४०० फेऱ्यांवर ७२ अश्वशक्तीपर्यंत वाढवली गेली. स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९२.४ मिलिमीटर, कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) २,४०० फेऱ्यांवर १३७ न्यूटन-मीटर आणि संपीडन गुणोत्तर २१ ला १. ब्लॉक आणि हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे, क्रँकशाफ्टला पाच मुख्य बेअरिंगे, हेडमध्ये एकच कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला दुपदरी रोलर चेन. हे आकडे जर्मन मूळ आवृत्तीचे आहेत आणि पुढची गणिते त्यांवरच केली आहेत. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० जीडी या जीपसदृश गाडीत, स्पेनमध्ये तयार होणाऱ्या एमबी १०० व्हॅनमध्ये आणि शक्ती आणखी कमी करून युनिमॉग या बहुकामी ट्रकच्या छोट्या प्रकारातही बसवले गेले. टॅक्सी, व्हॅन, शेतावरची गाडी अशा निरनिराळ्या कामांना एकच इंजिन पुरवले गेल्यामुळे त्याच्या उणिवा लवकर उघड झाल्या आणि त्या दुरुस्तही झाल्या. एखादे इंजिन घेताना त्याच्या आधी किती प्रकारच्या कामांत ते वापरले गेले आहे, हे पाहणे मला माहितीपत्रकातील अश्वशक्तीपेक्षा महत्त्वाचे वाटते.

या इंजिनाच्या टिकाऊपणाचे पहिले कारण आकड्यांतच आहे, मात्र ते काढण्यासाठी थोडे गणित करावे लागते. ७२ अश्वशक्तीला सुमारे २.४ लिटरने भागले तर एका लिटरमागे ३० अश्वशक्ती मिळते. याहून बोलका आकडा म्हणजे सरासरी परिणामी दाब. पिस्टनवर शक्तीच्या फटक्यात सरासरी किती दाब पडतो, याचे हे माप असते आणि ते टॉर्क व क्षमता यांवरून काढता येते. १३७ न्यूटन-मीटर आणि २,३९९ सीसी घेतल्यास हा दाब सुमारे ७.२ बार येतो. आता आजच्या ट्रॅव्हलरमधील कॉमन रेल (एकाच सामायिक नळीतून उच्च दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन घेऊ. त्याची क्षमता २,५९६ सीसी, शक्ती ११५ अश्वशक्ती आणि टॉर्क ३५० न्यूटन-मीटर आहे. तेच गणित केले की दाब जवळपास १७ बार येतो. म्हणजे क्षमता केवळ ८ टक्क्यांनी वाढलेली असताना पिस्टन, पिन, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगे यांच्याकडून सव्वादोन पटीहून अधिक काम मागितले जाते. नवे इंजिन त्यासाठीच आखलेले असते आणि त्याचा धातू, तेल व थंडावा त्या हिशेबाने ठरवलेला असतो, यात शंका नाही. पण जुन्या इंजिनात लोखंड भरपूर होते आणि मागणी थोडी होती. त्यामुळे तेल बदलायला महिनाभर उशीर झाला, रेडिएटर अर्धवट चोंदला, एखाद्या लग्नसराईत क्षमतेच्या दीडपट माणसे भरली, तरी इंजिनापाशी सोसायला जागा शिल्लक राहत असे.

पिस्टनच्या वेगाचेही तसेच. ४,४०० फेऱ्यांवर या इंजिनाच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १३.६ मीटर होतो आणि डिझेलसाठी तो कमी नाही. परंतु व्हॅनचालक त्या फेऱ्यांपर्यंत क्वचितच जात. २,५०० फेऱ्यांच्या आसपास गाडी चालवली की हाच वेग ७.७ मीटरवर येतो. त्या काळचे रस्ते, ब्रेक आणि मालकाची डिझेलवरची नजर या तिन्हींमुळे इंजिन आपोआपच आपल्या मर्यादेपासून दूर राहत असे, आणि हा लाभ माहितीपत्रकात कुठेही लिहिलेला नसे.

दुसरे कारण प्रीचेंबर, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा भाग मला हाच वाटतो. ओएम ६१६ मध्ये डिझेल थेट पिस्टनवर फवारले जात नाही. हेडमध्ये प्रत्येक सिलिंडरमागे एक छोटी कोठडी असते, तीत डिझेल फवारले जाते, तिथे ते अर्धवट जळते आणि तो जळता वायू बारीक छिद्रांतून वेगाने मुख्य सिलिंडरमध्ये घुसून उरलेल्या हवेत मिसळतो. हवा आणि इंधन मिसळण्याचे काम कोठडीतला हा झोतच करत असल्यामुळे नोझलकडून अतिसूक्ष्म फवाऱ्याची अपेक्षा राहत नाही. नोझल उघडण्याचा दाब साधारण ११५ ते १२५ बार असला की पुरे. कॉमन रेल पद्धतीत हा दाब १,६०० बार आणि त्याहून पुढे जातो आणि नोझलची छिद्रे केसासारखी बारीक असतात. प्रीचेंबरच्या नोझलला पिन असलेले एकच छिद्र असते आणि ती पिन प्रत्येक फवाऱ्याला पुढेमागे होताना छिद्रावरचा काजळीचा थर आपणच झाडत राहते. शिवाय मुख्य सिलिंडरमधील दाब सावकाश चढत असल्याने पिस्टनला आणि बेअरिंगला बसणारा दणका सौम्य असतो.

या रचनेचा खरा उपयोग भारतात झाला, कारण इथले डिझेल. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातील डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकत होते, म्हणजे दशलक्ष भागांत १०,००० भाग. आज भारत स्टेज ६ या प्रदूषण निकषाच्या डिझेलमध्ये ही मर्यादा १० भाग आहे, म्हणजे हजारावा हिस्सा. जळणात गंधक असला की ओलाव्याशी त्याचे आम्ल होते, विशेषतः इंजिन थंड असताना, आणि ते सिलिंडरच्या भिंती व रिंगा झिजवते. तेलातील अल्कली द्रव्ये ते आम्ल मारत राहतात आणि त्यात स्वतः संपत जातात. म्हणूनच त्या काळी तेल लवकर बदलण्याला पर्याय नव्हता, आणि ज्या मालकांनी ते वेळच्या वेळी बदलले त्यांच्या इंजिनांनी नाव काढले. "मरत नसे" या समजात तेल बदलणाऱ्यांचा वाटा मोठा आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.

गंधकाबरोबर भेसळही होती. डिझेलात रॉकेल मिसळणे हा त्या काळचा उघड रोग होता. रॉकेल पातळ असते आणि त्यात वंगणाचा गुण कमी असतो. ज्या पंपाचे आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात, असे रोटरी पंप किंवा कॉमन रेलचे उच्चदाब पंप, त्यांना अशा जळणाने ओरखडे पडतात. ओएम ६१६ वर बॉशचा इनलाइन पंप होता. त्यात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा प्लंजर (डिझेल दाबणारा दट्ट्या) आणि खालच्या कॅमशाफ्टला इंजिन ऑइलचे वंगण. रॉकेलाचा त्रास प्लंजरांना थोडाबहुत होईच, परंतु पंप आतून जाम होऊन गाडी जागच्या जागी थांबण्याचे प्रसंग त्यामुळे टळत. एक प्लंजर किंवा एक नोझल खराब झाले तर बाकीचे तीन सिलिंडर चालू राहत आणि गाडी थरथरत, धूर सोडत का होईना, मुक्कामाला पोहोचे. एकदा सुरू झालेल्या इंजिनाला जळत राहण्यासाठी विजेची गरजच नव्हती. रात्री कोकणातल्या एखाद्या घाटात डायनॅमो गेला तरी इंजिन बंद पडत नसे. भाजी, मासळी किंवा दूध भरलेल्या गाडीच्या मालकाला त्याची किंमत किती, हे वेगळे सांगायला नको.

यातून बिघाडाच्या स्वरूपाचा मुद्दा निघतो. भरवसा म्हणजे बिघाड न होणे, अशी व्याख्या केली तर ओएम ६१६ काही फार वेगळे ठरणार नाही, कारण त्यातही बिघाड होतच. फरक असा की त्याचे बहुतेक बिघाड हळूहळू येत आणि आधी कळवून येत. सिलिंडर आणि रिंगा झिजू लागल्या की आधी थंडीच्या दिवसांत सकाळचे स्टार्टिंग जड होते, मग तेल भरायची भांडी वाढतात, मग ऑइलच्या झाकणातून वाफ येऊ लागते आणि मिस्त्री सांगतो की इंजिन बॅक मारते आहे, म्हणजे जळालेला वायू रिंगांवरून खाली उतरतो आहे. या तक्रारीला आकड्याचा आधार देता येतो. कॉम्प्रेशन गेज लावून पाहिले असता निरोगी इंजिनात २२ ते २४ बार दाब मिळायला हवा, १५ बारच्या खाली गेला तर इंजिन उघडण्याची वेळ आली असे समजावे, आणि सिलिंडरा-सिलिंडरातील फरक ३ बारपेक्षा जास्त नसावा. पहिल्या तक्रारीपासून इंजिन खरोखर उघडेपर्यंत मालकाला बहुधा एक हंगाम तरी काढता येई. पैसे जमवायला आणि गाडी कधी उभी करायची ते ठरवायला तेवढा वेळ पुरे असे.

टायमिंग चेनचेही असेच. ती ताणली गेली की कॅमशाफ्टवरची खूण आणि क्रँकच्या पुलीवरचे अंश यांत फरक दिसू लागतो, आणि तो हेडचे झाकण काढून डोळ्यांनी पाहता येतो. रबरी टायमिंग बेल्ट बहुधा सूचना न देता तुटतो आणि झडपा पिस्टनवर आदळतात, तसे या दुपदरी चेनचे सहसा होत नसे. हीटर प्लगबाबत (थंड इंजिन सुरू करताना कोठडी तापवणाऱ्या) मात्र या इंजिनाच्या जुन्या आवृत्तीत एक उणीव होती. सर्व प्लग एकाच तारेत एकामागोमाग जोडलेले असल्याने एक जळला की चारही थंड पडत आणि नेमका कोणता गेला हे शोधत बसावे लागे. पुढच्या पेन्सिल आकाराच्या प्लगांना स्वतंत्र जोडणी मिळाली आणि हा त्रास गेला.

ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने १९७६ सालची २४० डी सुमारे ४६ लाख किलोमीटर चालवली आणि ती गाडी २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली, ही गोष्ट या इंजिनाच्या चाहत्यांना ठाऊक असते. ती सांगताना बहुतेक जण इंजिन किती दणकट होते, एवढेच ऐकवतात. त्या अंतरात इंजिन बदलले गेले, उघडले गेले आणि पुन्हा उभे केले गेले, हा त्या गोष्टीचा अर्धा भाग गाळला जातो. माझ्या दृष्टीने तोच भाग अधिक उपयोगाचा आहे. एखादे यंत्र पुनःपुन्हा मूळ मापावर आणता येणे हा त्याच्या टिकाऊपणाचा मोठा घटक असतो. आकुर्डीत हे इंजिन बनू लागल्यावर त्याचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे, गॅस्केटे तालुक्याच्या गावातल्या दुकानातही मिळू लागली. हाफ इंजिनचे काम करायचे की फुल इंजिनचे, याचा निर्णय मालक आणि मिस्त्री गाडीशेजारी उभे राहून घेत. बोअर करणारा लेथवाला, पंप-नोझल करणारा, हेडचे काम करणारा अशी कारागिरांची एक साखळी पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या बाजारपेठेत तयार झाली. हे मनुष्यबळ कोणत्याही माहितीपत्रकात येत नाही, पण इंजिनाच्या भरवशाचा हिशेब करताना ते जमेच्या बाजूला धरायलाच हवे.

आता उणिवांकडे येऊ, कारण त्या सांगितल्याशिवाय हे प्रकरण प्रामाणिक होणार नाही. पहिली उणीव शक्तीची. एकूण वजन ३ टन असलेली व्हॅन ८ टक्के चढावर नेण्यासाठी, टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध धरून, साधारण २,८०० न्यूटन बल लागते. २,४०० फेऱ्यांवर ओएम ६१६ सुमारे ३४ किलोवॅट देते. पट्टे, पंखा, गिअरबॉक्स यांत १५ टक्के शक्ती खर्च होते असे धरले तर चाकांपाशी २९ किलोवॅट उरतात आणि त्यावर गाडी ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास वेगाने चढते. आजचे ३५० न्यूटन-मीटरचे इंजिन २,२०० फेऱ्यांवर तीच गाडी त्याच चढावर ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास वेगाने नेऊ शकेल, अर्थात वळणे आणि रहदारी यांनी परवानगी दिली तर. गिअरांची गुणोत्तरे बाजूला ठेवून केलेला हा माझा ढोबळ अंदाज आहे, पण मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. खंबाटकी किंवा कशेडीच्या चढावर जुन्या ट्रॅव्हलरमागे लागलेली रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना गणिताची गरजही नाही. कमी मागणीतून आलेला टिकाऊपणा आणि चढावरचा हा संथपणा एकाच कारणाची दोन फळे होत.

दुसरी उणीव डिझेलच्या खर्चाची. प्रीचेंबरच्या भिंती आणि छिद्रे यांतून बरीच उष्णता पाण्यात जाते. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी थेट फवारणीच्या इंजिनापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जळण जास्त लागते. मुंबई-पुणे अशा नेमाच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीला वर्षाअखेरीस हा फरक जाणवतोच. तिसरी उणीव देखभालीच्या काटेकोरपणाची. या इंजिनाला हायड्रॉलिक टॅपेट (झडपेची फट आपोआप भरून काढणारे भाग) नाहीत. आत घेणाऱ्या झडपेचा गॅप ०.१० मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्या झडपेचा ०.३० मिलिमीटर ठराविक अंतराने लावावाच लागतो. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून सेटिंग पुढे ढकलणाऱ्याच्या झडपा उलट घट्ट होत जातात, नीट बसत नाहीत, आणि दाब कमी होऊन स्टार्टिंग जाते. मग दोष रिंगांना दिला जातो आणि विनाकारण इंजिन उघडले जाते. कोणतेही जुने इंजिन उघडायच्या आधी टॅपेट लावून पुन्हा कॉम्प्रेशन मोजावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

चौथी गोष्ट धुराची, आणि अखेर तीच निर्णायक ठरली. १ एप्रिल २००० पासून देशभर युरो १ च्या तोडीचे निकष आले. भारत स्टेज २ मोठ्या शहरांपासून सुरू होऊन १ एप्रिल २००५ पासून सर्वत्र लागू झाले, भारत स्टेज ३ हे २०१० पासून, भारत स्टेज ४ हे २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ हे १ एप्रिल २०२० पासून. यांत्रिक पंप आणि प्रीचेंबर यांच्या जोडीला कणांचे आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण एवढे खाली आणणे शक्य नव्हते, कारण फवाऱ्याची वेळ, प्रमाण आणि टप्पे क्षणाक्षणाला बदलण्याची सोय तीत नाही. थेट फवारणी, टर्बो, इंटरकूलर, कॉमन रेल आणि धुराड्यातील शुद्धीकरण हे मार्ग अपरिहार्य होते. शाळेची मुले ज्या गाडीच्या मागे सायकल चालवतात त्या गाडीचा धूर कमी झाला, याबद्दल मला समाधान वाटते आणि जुन्या इंजिनावरच्या प्रेमापोटी ते नाकारायची माझी तयारी नाही.

परंतु या बदलात भरवशाचे स्वरूप बदलले, ते मालकापर्यंत नीट पोहोचवले गेले नाही. नव्या इंजिनाचे मूळ लोखंड कमी दर्जाचे आहे, असे मानायला आधार नाही. बिघाडांची जागा हलली आहे: ब्लॉक आणि क्रँककडून इंजेक्टर, सेन्सर, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात वळवणारी ईजीआर झडप आणि कण अडवणारी जाळी यांच्याकडे. ही जाळी, म्हणजे डीपीएफ, साठलेली काजळी वेळोवेळी जाळून टाकते आणि त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत चढवावे लागते. पुणे-कोल्हापूर अशी लांब धाव घेणाऱ्या व्हॅनमध्ये हे चालकाच्या नकळत पार पडते. तीच व्हॅन शहरात दुकानोदुकानी माल उतरवत, दर दहा मिनिटांनी बंद होत चालवली, तर जाळण्याची क्रिया अर्ध्यावर तुटते, काजळी वाढत जाते आणि शेवटी शक्ती कमी करून इंजिन गाडीला जवळच्या कार्यशाळेकडे ढकलते. बऱ्याच इंजिनांत तापमान चढवण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारले जाते. क्रिया वारंवार तुटली की त्यातले काही डिझेल भिंतींवरून उतरून तेलात मिसळते आणि तेल पातळ होते. जवळपास १७ बार सरासरी दाबाखाली चालणाऱ्या बेअरिंगांना असे तेल मिळणे किती घातक आहे, हे वरच्या गणितावरून लक्षात यावे. ओएम ६१६ ने कदाचित ते सोसले असते, पण या इंजिनात सोसण्याची ती जागा आधीच शक्तीसाठी खर्च झालेली आहे.

म्हणून आज व्हॅन घेणाऱ्याला मी आधी त्याच्या फेऱ्यांचे वेळापत्रक विचारतो आणि मगच इंजिनाच्या आकड्यांकडे जातो. सलग तासभर वेगात धावणारी फेरी आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर आजचे डिझेल इंजिन त्याला जुन्यापेक्षा अधिक काम, कमी जळणात आणि कमी त्रासात देईल. सगळाच व्यवसाय पाच-सात किलोमीटरच्या तुकड्यांचा असेल तर सीएनजी किंवा विजेवरच्या गाडीचा विचार आधी करावा, आणि डिझेलच घ्यायचे ठरले तर आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर लांब धाव ठेवावी. इंजिनाचे तेल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या प्रकाराचेच घालावे, कारण स्वस्त तेलातील राख जाळीत साठते आणि ती कोणत्याही तापमानाला जळत नाही. डिझेल फिल्टरमधले पाणी ठरल्या वेळी काढावे, कारण १,६०० बारच्या पंपाला पाण्याचा थेंब रॉकेलापेक्षाही महाग पडतो.

आणखी एक सवय जुन्या चालकांना मुद्दाम बदलावी लागेल. मॅटाडोर चालवलेला माणूस सकाळी डिपस्टिक काढतो, पातळी खाली गेली आहे का ते बघतो आणि गेली नसेल तर निश्चिंत होतो. जाळी असलेल्या इंजिनात पातळी वर चढली असेल तर ती अधिक गंभीर खूण असते, कारण वाढलेला भाग डिझेलचा असतो. अशा वेळी पुढच्या सर्व्हिसपर्यंत न थांबता तेल आणि फिल्टर त्याच आठवड्यात बदलावेत, जाळीतील काजळीचे प्रमाण स्कॅनरवर वाचून घ्यावे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पातळी पुन्हा तपासून ती तारखेनिशी गाडीच्या वहीत लिहून ठेवावी.